इंडी गेम्स: कल्पना भन्नाट, पण खेळणाऱ्याचं काय?

गणितवेडी (इंदूर)

गेले तीन आठवडे आमच्याकडे राजेंद्र नगरात रात्रीची पानं उशिरा वाढली जातायत, आणि त्याला कारण 'बाबा इज यू' हा इंडी गेम, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय एकट्यादुकट्याने केलेला गेम. लेक सातवीत आहे. सासरे, म्हणजे आबा, पंच्याहत्तरीचे. नोकरीभर हिशेबाच्या वह्या सांभाळल्या. लेकाच्या हातात कीबोर्ड, आबा शेजारी खुर्ची ओढून बसलेले, आणि मी पोळ्या लाटता लाटता आतून सूचना देतेय, असं चाललंय.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पडद्यावर छोटी छोटी चित्रं असतात आणि त्यांच्या मधे शब्दांचे ठोकळे. 'बाबा इज यू' हे तीन ठोकळे एका ओळीत असले की बाबा नावाचा पांढरा प्राणी तुमच्या ताब्यात. 'वॉल इज स्टॉप' जुळलेलं असेल तोवर भिंत अडवते. पण हे शब्दही ढकलता येतात. 'स्टॉप' बाजूला सरकवला की भिंतीतून आरपार. 'वॉल इज यू' जुळवलं की भिंतच तुम्ही, आख्खी भिंत चालायला लागते. 'फ्लॅग इज विन' मधला फ्लॅग काढून तिथे रॉक बसवला की दगडाला शिवून जिंकता येतं. म्हणजे नियम ह्याच सोंगट्या. वीस वर्षं मी गणिताच्या शिकवण्या घेतेय. 'गृहीत धरलेलं बदललं की सगळंच बदलतं' हे मुलांच्या गळी उतरवायला मला जेवढे महिने लागतात, तेवढी मिनिटं या गेमला लागली.

फिनलंडच्या आर्वी तेइकारीने २०१७ साली एका गेम जॅममध्ये, म्हणजे दोनेक दिवसांत गेम करून दाखवायच्या मेळाव्यात, याचा पहिला खर्डा केला. पूर्ण गेम २०१९ मध्ये आला, दोनशेहून जास्त लेव्हल्सचा. नवं काही घुसडलंय असं कुठेच वाटत नाही. धरलेला एकच नियम, त्यातून जे जे निघेल ते सगळं पिळून काढलंय.

मला इंडी गेम्समधलं हेच आवडतं. जोनाथन ब्लोचा 'ब्रेड' (२००८) घ्या. वेळ मागे नेता येते एवढीच गोष्ट, पण प्रत्येक जगात ती वेगळी वागते. एका जगात तुम्ही उजवीकडे चाललात की काळ पुढे, डावीकडे वळलात की मागे. शेकडो माणसं कामाला लावणाऱ्या कंपनीत असला हट्ट कुणी चालू देत नाही, कारण पैसे बुडायची भीती असते.

पण धागा कौतुकासाठी काढलेला नाही. साठेक लेव्हल्सनंतर आम्ही एका ठिकाणी आठ दिवस अडकलो. गेममध्ये इशारा नाही, सूचना नाही, काही नाही. शेवटी लेकाने यूट्यूबवर उत्तर बघितलं आणि त्या रात्री त्याचा चेहरा मला बघवला नाही. उत्तर बघून सुटलेलं गणित हे सुटलेलं नसतंच, हे त्याला कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो गेमकडे फिरकला नाही. आबा अजून बसतात.

माझा प्रश्न असा: ज्या हट्टामुळे हे गेम इतके सुंदर होतात, त्याच हट्टापायी खेळणारा मागे राहतो का? तुमचे अनुभव सांगा. कुठल्या गेमने तुम्हाला धरून ठेवलं आणि कुठल्याने वाऱ्यावर सोडलं?

तिसरी_घंटा (इंदूर)

ताई, छान मांडलंत. मी नाटकवाला. हौशी रंगभूमीवर तीस वर्षं काढली, गेम्सकडे पोरांमुळे वळलो, आणि मला यात आपली एकांकिका स्पर्धाच दिसते. गेम जॅम म्हणजे एकांकिकाच की! वेळ कमी, नेपथ्याला पैसे नाहीत, म्हणून एक खुर्ची आणि एक दिवा घेऊन डोकं चालवायचं. 'सेलेस्ट', तो डोंगर चढायचा गेम, मुळात चार दिवसांत केलेला इवलासा गेम होता, २०१८ मध्ये त्याचा मोठा झाला.

पण एकांकिकेचं तीन अंकी करताना काय होतं ते आपण स्पर्धेच्या वर्तुळात कितीदा पाहिलंय! पंचेचाळीस मिनिटांत जे अंगावर येतं ते अडीच तासांत पातळ होतं. 'सुपरहॉट' (२०१६) बघा. तुम्ही हललात तरच वेळ हलते, थांबलात की गोळीसुद्धा हवेत थांबते. पहिला तास मी अवाक होऊन खेळलो. नंतर तेच, तेच, आणि त्याला जोडलेली गोष्ट मला तरी उपरी वाटली. कल्पना तासाभराची होती, तेवढ्यावर पडदा पाडायला हवा होता.

उलट 'फ्लॉरेन्स' बघा (मोबाइलवर आहे, २०१८). अर्ध्या तासात संपतो. एक मुलगी, एक मुलगा, ओळख, प्रेम, दुरावा. संवाद ऐकू येत नाहीत, बोलण्याच्या फुग्यात कोडं जुळवायचं असतं. पहिल्या भेटीत तुकडे बरेच असतात, जुळवताना वेळ लागतो, जसं नवख्या माणसाशी बोलताना शब्द शोधावे लागतात. ओळख वाढत जाते तसे तुकडे कमी होतात. मग भांडण होतं आणि तुकड्यांना टोकं येतात, ते खटाखट लागतात. नटाने वाक्य न बोलता नुसत्या लयीत भांडण दाखवावं तसं! मी तो बायकोला खेळायला दिला. ती गेमच्या नावाने नाक मुरडणारी, पण अर्ध्या तासाने फोन परत देताना काही बोलली नाही, नुसती बसून राहिली.

रात्री_अकरानंतर (इंदूर)

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका.

नोकरी, लहान मुलगी, आईचं दवाखान्याचं येणंजाणं. मला रात्री अकरा ते बारा एवढाच वेळ मिळतो. आणि इंडी गेम्समध्ये माझा तो तास वाया जायचं प्रमाण फार आहे.

'आउटर वाइल्ड्स' चं उदाहरण घ्या. सगळे म्हणाले खेळच. छोटी सूर्यमाला, बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट, पुन्हा पहिल्यापासून. हातात काही उरत नाही, फक्त तुम्हाला जे कळलं ते उरतं. अॅलेक्स बीचमने विद्यापीठातला प्रबंध म्हणून सुरू केलेला गेम, २०१९ मध्ये आला. कल्पनेपुढे मी हात जोडतो. पण मी चार दिवसांनी परत बसलो की कुठे होतो, काय शोधत होतो, काहीच आठवत नाही. यानातल्या नोंदवहीत सगळं असतं हे मान्य, पण ती वाचण्यात पंधरा मिनिटं, तिथवर उडत जाण्यात पाच, आणि पोचतो न पोचतो तोच सूर्य फुटतो. दोनदा प्रयत्न केला, दोनदा सोडला. हा गेम लिहिणाऱ्याने माझ्यासारख्याचा विचार केला नाही.

दुसरं, अर्धवट माल. अर्ली ॲक्सेसच्या नावाखाली पैसे घ्यायचे आणि गेम पुरा व्हायची वाट ग्राहकाने बघायची. माझ्या खात्यात असे चार गेम आहेत जे पुरे झालेच नाहीत. आणि मोठ्या गप्पा! 'नो मॅन्स स्काय' हा अवकाशात भटकायचा गेम २०१६ मध्ये आला तेव्हा लोकांना वाटलं होतं की एकमेकांना भेटता येईल, आणि तसं काही नव्हतंच. पुढे त्यांनी वर्षानुवर्षं फुकट भर घालून तो सुधारला, त्याचं श्रेय देतो. पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याचं काय?

गणितवेडी (इंदूर)

राग कसला, तुमचा मुद्दा मला पटतो. तुमच्याकडे तास एक असला तरी तो पूर्ण तुमचा असतो, आणि तो गेमने जपायला हवा. तरी 'आउटर वाइल्ड्स' बद्दल वाद घालते. तिथे विसरणं हा दोष वाटतो खरा, पण मार्ग दाखवणारा बाण दिला असता तर तो गेमच उरला नसता. तुम्ही स्वतः कुठेतरी 'अरे, म्हणजे हे त्यामुळे!' म्हणता, तो क्षणच त्यांना द्यायचा होता. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या ठिकाणी जायची सोय असते, फक्त कसं जायचं ते माहीत नसतं. कुलूप नाही, किल्ली नाही, फक्त अज्ञान. शिक्षक म्हणून मला याहून सुंदर रचना माहीत नाही.

नाक्यावरचा (इंदूर)

बरेच दिवस नुसतं वाचतो, आज लिहावंसं वाटलं.

वडील चेकनाक्यावर कारकून होते. ट्रकची कागदपत्रं बघायची, शिक्का मारायचा, पुढचा. निवृत्त झाल्यावर ते फार कमी बोलायचे. मी त्यांना 'पेपर्स, प्लीज' दाखवला. लुकस पोपचा, २०१३ चा. एका काल्पनिक देशाच्या सीमेवर १९८२ साली तुम्ही तपासनीस. पासपोर्ट बघा, तारीख बघा, फोटो बघा, हिरवा शिक्का की लाल ते ठरवा. माणशी पाच क्रेडिट मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून पगार कापतात. संध्याकाळी हिशेब समोर येतो: भाडं, जेवण, शेकोटी, आजारी मुलाचं औषध. सगळ्याला पैसे पुरत नाहीत.

बाबांना इंग्रजी जेमतेम, मी शेजारी बसून सांगत होतो. पहिलं वाक्य त्यांनी काढलं ते असं: "टेबल बरोबर केलंय." मला कळेना. मग त्यांनी दाखवलं. गेममध्ये टेबल मुद्दाम लहान आहे, नियमांची पुस्तिका उघडली की पासपोर्ट झाकला जातो, परवाना बाजूला ठेवावा तर शिक्क्याला जागा नाही. रोज सकाळी नवा नियम येतो आणि एक कागद वाढतो. "आमचंही असंच होतं. चुका डोक्याने होत नाहीत, टेबलाने होतात," म्हणाले.

पुढे एक नवरा-बायको येतात. नवऱ्याचे कागद बरोबर, बायकोकडे परवाना नाही. बाबा बराच वेळ थांबले. मागे रांग होती, घड्याळ चालू होतं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे तिला." ताकीद आली. त्या रात्री त्यांनी मला नाक्यावरच्या दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आईलाही माहीत नव्हत्या. त्या इथे लिहीत नाही.

या गेममध्ये त्रुटी आहेत. अक्षर बारीक, तेच ते काम पुन्हा पुन्हा, मधल्या दिवसांत कंटाळा येतो. पण तो कंटाळा आहे म्हणूनच त्या बाईच्या वेळी हात अडखळतो, असं मला वाटतं. सगळं सोपं आणि मजेचं केलं असतं तर बाबा ते वाक्य बोललेच नसते.

तिसरी_घंटा (इंदूर)

नाक्यावरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काकांना नमस्कार सांगा.

सूरसागर_काठची (बडोदे)

बडोद्याहून लिहितेय, इंदूरकरांच्या धाग्यात शिरले त्याबद्दल माफी. पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे, महाराष्ट्राबाहेर राहून मराठी बोलणाऱ्यांचा.

'वेन्बा' (२०२३) कुणी खेळलंय का? कॅनडात गेलेलं एक तमिळ कुटुंब, आणि आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही. मजकूर पुसलेला, त्यामुळे कृती तुम्हाला जुळवावी लागते. पहिल्याच भागात इडली. साच्याच्या ताटल्या कशा रचायच्या, वाफ वर जायला हवी तर भोकं झाकली जाता कामा नयेत. मी खुर्चीत ताठ बसले, कारण हे माझ्या हातांना माहीत होतं! गेममध्ये पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकघरातलं ज्ञान कामाला आलं. तलवार आणि बंदूक यातलं मला काही येत नाही.

पुढे मुलगा मोठा होतो, घरची भाषा त्याला नकोशी होते. तो एकटा ती वही उघडतो तेव्हा त्याला तमिळ अर्धवटच लागतं, आणि खेळणाऱ्यालाही कृती तशीच तुटकी वाचावी लागते. मला थांबून पाणी प्यावं लागलं. माझा मुलगा घराबाहेर गुजराती, मित्रांत हिंदी, आणि माझ्या आईची मोडी-मिश्रित वही त्याच्या दृष्टीने नुसती नक्षी. ही गोष्ट कुणी भाषणात सांगितली असती तर मी मान डोलावली असती. इथे मला ती अडखळत वाचायला लावली.

दोष सांगायचा तर गेम फार लवकर संपतो, दीड-दोन तासांत. काही पाककृती नुसत्या दोन-तीन हालचालींत उरकल्यात. बिर्याणीला जेवढा जीव लावायला हवा होता तेवढा लावलेला नाही.

रात्री_अकरानंतर (इंदूर)

दीड तासाच्या गेमला किती पैसे द्यायचे हा प्रश्न येतोच. स्टीमवर, म्हणजे गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. म्हणजे असा गेम पूर्ण खेळून पैसे परत मागता येतात. मी तसं करत नाही, पण करणारे ओळखीत आहेत.

गोदो_घोटणारा (इंदूर)

याच मुद्द्यावर मला लिहायचं होतं, कारण मी स्वतः एक गेम करतोय. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी, रात्री 'गोदो' या गेम बनवायच्या मोफत इंजिनावर काम. दोन वर्षं झाली.

ताईंनी 'हट्ट' म्हटलं ते बरोबर आहे, पण आतून कसं दिसतं ते सांगतो. माझी मूळ कल्पना (एका वाड्यात दिवा फक्त एकच, आणि तो जिथे ठेवाल तेवढ्याच खोल्या खऱ्या) मला तीन आठवड्यांत चालू स्थितीत मिळाली होती. उरलेली दोन वर्षं कशात गेली? सेव्ह बिघडू नये, वेगवेगळे कंट्रोलर चालावेत, जुन्या लॅपटॉपवर अडकू नये, मेनू समजावा, पहिल्या पाच मिनिटांत माणसाने सोडून जाऊ नये. इशारे लिहिणं सगळ्यात अवघड. मला उत्तर माहीत आहे, त्यामुळे कोडं कुठे अडतं ते मला दिसतच नाही. त्यासाठी दुसरी माणसं लागतात, आणि माझ्याकडे ती नाहीत. मोठ्या स्टुडिओत चाचणी करणारा वेगळा विभाग असतो, माझ्याकडे एक मित्र आहे आणि तो आता माझा फोन उचलत नाही.

वर दुकानातली गर्दी. २०१७ पासून स्टीमवर शंभर डॉलर भरून कुणीही गेम लावू शकतो. माझ्यासारख्याला दार उघडलं हे खरं, पण त्या दारातून रोज डझनावारी गेम येतात.

आणि नक्कल! 'थ्रीज' नावाचा आकड्यांचा गेम करायला त्यांना चौदा महिने लागले. फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. महिनाभरात त्याच्या नकलेवरून केलेला '२०४८' आला, फुकट, एकोणीस वर्षांच्या मुलाने सुट्टीच्या दोन दिवसांत लिहिलेला, आणि जगाने तोच खेळला. इथल्या किती जणांनी '२०४८' खेळलाय आणि किती जणांनी 'थ्रीज' चं नाव ऐकलंय? छोट्या गेमची कल्पना जितकी स्वच्छ, तितकी उचलायला सोपी.

म्हणून दीड तासाच्या गेमचे पैसे परत मागू नका, एवढीच हात जोडून विनंती.

रात्री_अकरानंतर (इंदूर)

नाही मागणार, भिया. तुमच्या बाजूने विचार केला नव्हता हे कबूल करतो.

पण एक सांगा. 'सेलेस्ट' मध्ये असिस्ट मोड आहे. खेळ सावकाश करा, दमच लागणार नाही असं करा, मरणारच नाही असं करा, जे हवं ते. कुणी हसत नाही, कमीपणा येत नाही. माझ्या मुलीने त्यावरच डोंगर चढला. हे एवढं कळणारे लोक आहेत, मग बाकीच्यांना का जमत नाही? हे करायला मोठा विभाग लागत नाही.

आणि 'ओब्रा डिन' चंही सांगतो, तोही पोपचाच (२०१८). रिकामं परत आलेलं जहाज, साठ माणसं, प्रत्येकाचं नाव आणि शेवट शोधायचा. तीन जणांचं बरोबर जुळलं की मगच गेम पक्कं करतो, म्हणजे नुसते अंदाज ठोकून चालत नाही. हे अप्रतिम आहे. पण त्यात अनेकदा बोलीवरून ओळखायचं असतं की हा आयरिश की स्कॉटिश. मला कसं कळणार? जहाजावर हिंदुस्थानी खलाशी आहेत आणि त्यांचीच नावं मला सगळ्यात अनोळखी वाटली. करणाऱ्याने हट्टाने केलेल्या गोष्टीत त्याचं गाव येतंच, आणि बाहेरचा माणूस दारात उभा राहतो.

गणितवेडी (इंदूर)

तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे, पण 'ओब्रा डिन' बद्दल आबांचा किस्सा सांगते. आम्हालाही बोली कळत नव्हत्या. आबांनी ते सोडूनच दिलं आणि खलाशांचे झुले बघायला लागले. झुल्यांवर क्रमांक आहेत, यादीतही क्रमांक आहेत. चिनी खलाशी तर झोपलेत आणि झुल्याबाहेर फक्त पाय दिसतात. कुणाचे बूट कसले ते लक्षात ठेवून पुढच्या दृश्यात माणूस ओळखायचा. आबांनी वहीत बुटांचा तक्ता केला! पोपने दारं एकाहून जास्त ठेवली होती, ती मला दिसली नव्हती. 'बाबा इज यू' मध्ये मात्र त्या आठ दिवसांच्या कोड्याला एकच दार होतं, आणि माझी तक्रार तीच आहे. असिस्ट मोडबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

गोदोवाले, चाचणीला माणसं हवीत म्हणालात. आबा आहेत, लेक आहे, मी आहे. एकच दिवा ही कल्पना ऐकून आबांनी विचारलं, "दिवा हातात धरून चाललं तर?" उत्तर इथे देऊ नका.

गोदो_घोटणारा (इंदूर)

ताई, हा प्रश्न मला दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. रविवारी लॅपटॉप घेऊन येऊ का?

गणितवेडी (इंदूर)

या. चारनंतर, आबा तेव्हा उठतात. पोहे करते. तुम्ही बाजूला बसून काही सांगायचं नाही, आम्ही कुठे अडतो ते फक्त लिहून घ्यायचं. आणि एक काम आधी करून ठेवा, अक्षरं मोठी करा. आबांचं मोतीबिंदूचं एका डोळ्याचंच झालंय.

गोदो_घोटणारा (इंदूर)

अक्षरांचा आकार बदलायची सोयच नाहीये अजून. आज रात्री बसतो.